पापणीचा भार कोणी मोजायचा?

साशंक : पापणीच्या शस्त्रक्रियेबद्दल माझा आक्षेप मुळाशीच आहे. साठीच्या आसपास वरच्या पापणीची कातडी सैल होऊन खाली येते, खालच्या पापणीला पिशव्या दिसू लागतात. पापणीची कातडी ही सगळ्या शरीरातली सर्वांत पातळ कातडी, मिलिमीटरभरसुद्धा जाड नसते, आणि दिवसातून हजारो वेळा ती उघडझाप सोसते. तिचा ताण आधी संपणार हे उघडच आहे. खोबणीतली चरबी ज्या पडद्यामागे धरून ठेवलेली असते, तो पडदा ढिला पडला की चरबी पुढे येते. केस पिकावेत तितकं हे स्वाभाविक आहे. ज्याला आजार म्हणता येत नाही, त्यासाठी डोळ्याच्या इतक्या जवळ सुरी न्यायची आणि त्याला 'ताजेतवाने दिसणं' असं गोंडस नाव द्यायचं, हे मला पटत नाही. म्हातारपण ही दुरुस्त करण्याची चूक आहे, असं आपण एकदा मान्य केलं की ती दुरुस्ती कुठे थांबवायची याला उत्तर उरत नाही. आज पापणी, उद्या मान, परवा हाताची कातडी.

समर्थक : तुम्ही चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली घातल्यात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन केसांवर टेकते, ही एक गोष्ट. पापणी उचलणारा स्नायू ज्या पातळ पट्ट्याने पापणीला जोडलेला असतो, तो पट्टा वयाबरोबर ताणला जातो आणि पापणीची कडाच खाली येते, ही दुसरी. तिला डॉक्टर टोसिस म्हणतात. भुवई आपल्या जागेवरून खाली सरकते, ही तिसरी. आणि खालच्या पापणीतल्या पिशव्या ही चौथी. पहिल्या तिन्ही बघणाऱ्याला एकसारख्याच दिसतात: डोळा बारीक झाला, माणूस पेंगुळलेला वाटतो. उपाय मात्र प्रत्येकीचा वेगळा. यात मोजता येण्याजोगं बरंच काही आहे. समोर बघत असताना बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर निरोगी डोळ्यात चार-पाच मिलिमीटर असतं. ते दोनवर आलं की नजरेचा वरचा भाग झाकला जायला लागतो. पुण्यात शनिवार पेठेतून शिवाजी रस्ता ओलांडणाऱ्या सत्तरीच्या बाईंचा विचार करा. सिग्नल वर, बसचा क्रमांक वर, दुकानाची पाटी वर. त्या हनुवटी उचलून बघतात, कपाळाचा स्नायू दिवसभर आवळून भुवया वर धरून ठेवतात आणि संध्याकाळी कपाळ ठणकतं म्हणून गोळी घेतात. नेत्रतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०११ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. अशा रुग्णांत पापणीची शस्त्रक्रिया केल्यावर वरच्या बाजूचं दिसणं आणि रोजचं जगणं, दोन्ही सुधारतं असा त्याचा निष्कर्ष होता. मोतीबिंदूही वयानेच येतो. त्याला स्वाभाविक म्हणून आपण कोणाला आंधळं ठेवत नाही.

साशंक : त्या बाईंच्या शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही, तो असता तर मी चष्म्यालाही विरोध केला असता. पण तुम्ही दाराशी त्यांना उभं केलंत आणि त्यांच्या मागून एक मोठी रांग आत घेतलीत. त्या रांगेतल्या बहुतेकांची नजर शाबूत असते. खालच्या पापणीच्या पिशव्यांनी तर दृष्टीचा एक अंशही जात नाही. त्या काढण्याचं कारण आरशात असतं, फोटोत असतं, मुलाच्या लग्नाच्या तारखेत असतं. म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. झाकलेली नजर मोकळी करणं हा वैद्यकाचा प्रश्न आहे. वय लपवणं हा समाजाचा प्रश्न आहे, आणि तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर सोडवायला गेलं की समाज सुटतो आणि माणूस कापला जातो. दुसऱ्याला पहिल्याचा आधार देऊ नका एवढंच माझं मागणं आहे.

समर्थक : ही रेघ तुम्हाला वाटते तितकी स्पष्ट नाही, आणि त्याचा पुरावा पुण्यातच आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा बैलवाला १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवं नाक घडवलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांच्या मधला देठ राखला, म्हणजे रक्त चालू राहील. ती कातडी पिळून खाली वळवली आणि काताच्या लेपाने जोडून धरली. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. कावसजीचं चित्र काढलं जेम्स वेल्सने. पेशव्यांचं आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा, शनिवारवाड्यात चित्रशाळा चालवणारा हाच तो वेल्स. ते पत्र वाचून जोसेफ कार्प्यूने पुढे १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि आधुनिक युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीची वाट तिथून रुंदावली. आता मला सांगा, कावसजीला ते नाक कशासाठी हवं होतं? श्वास त्याला वर्षभर येतच होता. नाक हवं होतं चारचौघांत वावरण्यासाठी. तुमच्या व्याख्येने तो समाजाचा प्रश्न झाला. मग त्या वीटकऱ्याने त्याला परत पाठवायला हवं होतं का?

साशंक : उदाहरण मोठं आहे, पण ते माझ्या बाजूनेही बोलतं. कावसजीचं नाक दुसऱ्याने कापलं होतं. त्याच्यावर अन्याय झाला होता आणि ते नाक म्हणजे त्या अन्यायाची भरपाई होती. त्याला पूर्वीचा चेहरा परत हवा होता, आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना नाकं होती. वयाने कोणावर अन्याय केलेला नाही. वय सगळ्यांना येतं. साठीच्या दहा माणसांत दहाही जणांच्या पापण्या उतरलेल्या असतील तर कोणीच वेगळा दिसत नाही, कोणालाच कमीपणा नाही. त्यातल्या चौघांनी पापण्या उचलून घेतल्या की उरलेले सहा पहिल्यांदाच थकलेले दिसू लागतात. चौघांना जे मिळालं ते सहांकडून काढून घेतलेलं असतं. केसांच्या कलपाचं आपल्याकडे हेच झालं. आता पन्नाशीतल्या बाईने केस पांढरे ठेवले की ती त्याची कारणं देत बसते. आणि मिळतं तरी किती? टोरंटोतल्या एका डॉक्टरांच्या ४९ रुग्णांचे शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे फोटो अनोळखी लोकांना दाखवून एक अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहरा ओढून घेणं, पापण्या, भुवया अशा शस्त्रक्रिया झालेली ही माणसं सरासरी तीन वर्षांनी लहान वाटली. ती अधिक आकर्षक वाटली असं मात्र त्या अभ्यासातून सिद्ध झालं नाही. तीन वर्षं! भूल, टाके, निळेकाळे पडलेले डोळे आणि एवढा खर्च, एवढ्यासाठी?

समर्थक : तो अभ्यास प्रामाणिक आहे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येकाने तो रुग्णाला आधी सांगायला हवा, हे मी मान्य करते. पण पापणीसाठी येणारी माणसं 'मला सुंदर करा' असं फारसं म्हणत नाहीत. त्यांची तक्रार निराळी असते. मला झोप पुरेशी आहे, तरी सगळे विचारतात बरं नाही का. मी चिडलेली नाही, तरी चिडलेली दिसते. समोरचा माणूस डोळ्यांवरून तुमचं मन वाचतो, आणि उतरलेली पापणी त्याला चुकीचा निरोप देते. हा निरोप वर्गात, दुकानाच्या गल्ल्यावर, मुलाखतीच्या खोलीत रोज जात असतो. सुझान नोएल ही पॅरिसची शल्यविशारद, स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणारी बाई. सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्यावर तिने १९२६ मध्ये पुस्तकच लिहिलं. तिचं म्हणणं असं की नोकरी करून पोट भरणाऱ्या बाईला वय दिसल्यामुळे कामावरून कमी केलं जातं, तिच्यासाठी ही चैन नव्हे. शंभर वर्षांनी आपल्याकडची स्थिती फार बदललेली नाही, उलट एक गोष्ट वाढली आहे. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. पन्नाशीत डोळे उतरलेल्या माणसासमोर आता वीस-पंचवीस वर्षांचं कामाचं, माणसांत मिसळण्याचं आयुष्य उभं असतं. तुमच्या दहा माणसांच्या हिशेबात एक गृहीत आहे: दहाही सारख्याच वेगाने म्हातारे होतात. तसं होत नाही. काहींच्या घराण्यातच पापण्या जड असतात आणि चाळिशीत त्या साठीच्या दिसतात. मग त्या माणसाला आपल्या वयाचं दिसायचं असेल, तर त्याने कोणाचं काय काढून घेतलं?

साशंक : चुकीचा निरोप वाचणारा चुकतो, आणि शिक्षा मात्र वाचल्या जाणाऱ्या चेहऱ्याला. मला याचंच दुःख होतं. डोळ्यातल्या व्यंगासकट चेहरा किती बोलू शकतो हे मराठी माणसाला ललिता पवारांनी दाखवलं आहे. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात थोबाडीत मारण्याच्या प्रसंगात त्यांना जबर इजा झाली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तीन वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. त्या डोळ्यासकट त्यांनी पुढे चार दशकांहून अधिक काळ काम केलं. 'अनाडी'तल्या मिसेस डिसाची माया आणि रामानंद सागरांच्या 'रामायणा'तल्या मंथरेचं कपट, दोन्ही त्याच डोळ्यातून पोहोचलं. आज असं काही झालं तर डोळा सारखा करून घेण्याचा सल्ला पहिल्याच आठवड्यात मिळेल, आणि तो सल्ला देणारा चांगल्या मनाने देईल. पण चेहरे एका साच्यात येत गेले तर आपण बघणारे गरीब होत जाऊ. उतरलेल्या पापणीची, सुरकुतलेल्या कडांची एक भाषा असते. आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर ती वाचायला मुलं शिकतात. ती भाषा पुसली जाताना कोणाला विचारलं जात नाही.

समर्थक : ललिताबाईंबद्दलचा आदर माझाही तितकाच आहे, म्हणूनच त्यांची कहाणी पूर्ण सांगायला हवी. इजा होण्याआधी त्या नायिका होत्या. डोळा बारीक राहिल्यावर नायिकेच्या भूमिका संपल्या आणि तिशीच्या आतच त्या आई, सासू, खाष्ट बाई झाल्या. त्यांनी त्या भूमिकांचं सोनं केलं ही त्यांची थोरवी, पण दार बंद झालं होतं हेही खरं. त्यांना निवड मिळाली असती तर त्यांनी काय केलं असतं हे आपण त्यांच्या वतीने ठरवू शकत नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांची कविता करणं बघणाऱ्याला सोपं असतं, किंमत तो देत नसतो. आणि ही किंमत स्त्रिया जास्त देतात. पांढऱ्या केसांचा, जड पापण्यांचा पुरुष आपल्याला अनुभवी वाटतो. तशाच चेहऱ्याच्या बाईला आपण 'दमलात का' विचारतो. समाज बदलायला हवा, यात वादच नाही. पण समाज बदलेपर्यंत साठीच्या बाईने थांबावं, ही अट तिच्या आयुष्याच्या मापात बसत नाही.

साशंक : मग आपण सुरीकडेच येऊ, कारण जाहिरातीत 'छोटीशी, अर्ध्या दिवसाची' म्हणून जे विकलं जातं ते तितकं छोटं नाही. पापणीचं पहिलं काम डोळा मिटणं हे आहे, दिसणं नंतर. वरच्या पापणीतून कातडी जास्त गेली तर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही, बुबुळ उघडं पडून सुकतं. म्हणून भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान वीस मिलिमीटर कातडी राहिलीच पाहिजे असा शल्यविशारदांचा दंडक आहे. खालच्या पापणीत चूक झाली तर ती बाहेरच्या बाजूला उलटते आणि पाणी सतत गळत राहतं. अमेरिकेतल्या एका शल्यविशारदाच्या दहा वर्षांतल्या ८९२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा चारांतल्या एकाहून थोड्या अधिक जणांना नंतर डोळे कोरडे पडण्याचा त्रास झालेला आढळला. तो बहुतेकांचा ओसरतो, पण ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत, जे पुण्याच्या धुळीत दुचाकी चालवतात, दिवसभर संगणकासमोर बसतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट किरकोळ नाही. डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचा धोका दोन हजारांत एक एवढा सांगितला जातो. त्यातून नजर जाणं त्याहून कितीतरी विरळ. पण गमावण्याची वस्तू नजर असेल आणि मिळवण्याची वस्तू तीन वर्षांचं तारुण्य, तर विरळ या शब्दाने माझं समाधान होत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आणि मधुमेह या वयात घरोघरी आहेत. याहून मोठी भीती मला दुसरीच आहे. पापणी उतरली म्हणून माणूस सौंदर्याच्या दुकानात गेला आणि ती आजाराची खूण होती, तर? पापणी एकाएकी पडली, दोन-दोन दिसायला लागलं, एक बाहुली मोठी झाली, डोकं भयंकर दुखायला लागलं, तर तो मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. तिथे तासांना किंमत असते. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पापणी उतरते, विसावा घेतल्यावर पुन्हा उचलली जाते, तर मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार असू शकतो. डोळ्यांभोवतीची सूज थायरॉइडची असू शकते. ज्याला फक्त 'लुक' दिसतो त्याला यातलं काहीच दिसणार नाही.

समर्थक : यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे, आणि त्यातून शस्त्रक्रिया नको असं निघत नाही. ती डोळा जाणणाऱ्याच्या हातून व्हावी असं निघतं. आधी डोळ्यांची पूर्ण तपासणी, अश्रूंची चाचणी, बाहुल्यांची तपासणी, पापणी उचलणाऱ्या स्नायूचा जोर किती याचं माप. मग दृष्टिक्षेत्राची चाचणी दोनदा: एकदा पापणी आहे तशी ठेवून, एकदा चिकटपट्टीने वर धरून. दोन आलेखांत फरक पडला तर शस्त्रक्रियेने काय मिळणार ते रुग्णाला कागदावर दिसतं. पडला नाही तर तेही दिसतं. कातडी सैल नसून स्नायूचा पट्टा ताणला गेलेला असेल, तर कितीही कातडी काढली तरी पापणी उचलली जाणार नाही. भुवई उतरलेली असेल आणि नुसती कातडी काढली, तर कपाळाचा ताण सुटून भुवई आणखी खाली येते आणि वर्षभरात माणूस पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसतो. ज्याला हे ठाऊक आहे तो अनेकांना नको म्हणूनच परत पाठवतो. एवढं झाल्यावर वरच्या पापणीचं काम बहुधा त्या जागेपुरती भूल देऊन होतं, टाके आठवडाभरात निघतात, निळेपणा दोन आठवडे राहतो, आणि व्रण पापणीच्या घडीत लपतो. आपल्याला हे परकंही नाही. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचतात त्या विकारावर वरच्या पापणीतून यवाच्या आकाराची कातडी काढून घोड्याच्या केसाने शिवण्याची क्रिया सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मोतीबिंदू निघाल्यावर माणसाला पुष्कळ वर्षांनी स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि आपल्या पापण्या किती उतरल्यात हे तेव्हा कळतं. पहिल्या शस्त्रक्रियेने नजर दिली, त्या नजरेने पापणी पाहिली. यातली पहिली इच्छा उदात्त आणि दुसरी उथळ, असं तुम्ही कोणत्या आधारावर म्हणणार?

साशंक : आधार मी शोधला आहे, आणि तो मला पुरत नाही, हेच आता सांगतो. आपल्या सरकारने ही रेघ आखून दिली आहे. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा आरोग्यसेवा करमुक्त ठेवली, पण सौंदर्यशस्त्रक्रिया आणि प्लास्टिक सर्जरी तिच्यातून वगळली; तिच्यावर १८ टक्के कर लागतो. त्यातही अपवाद आहे: जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे शरीराची रचना वा कार्य बिघडलं असेल, तर ते पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया करमुक्त. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातल्या वगळलेल्या गोष्टींचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी सारखे केले. तिथेही प्लास्टिक सर्जरी वगळली. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्याला थेट व तातडीचा धोका असेल तेवढं मात्र राखलं. मी या रेघेच्या बाजूने आहे, कारण सगळ्यांच्या वर्गणीतला पैसा कोणाच्या फोटोसाठी जाऊ नये. पण तुमच्या शिवाजी रस्त्यावरच्या बाई यात कुठे बसतात? त्यांचा दोष जन्माचा नाही, त्यांना कोणी मारलेलं नाही, आणि त्यांच्या पापणीचा धोका खरा असला तरी तातडीचा नाही. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, फोटो आणि दृष्टिक्षेत्राचा आलेख दाखवून हाच खर्च मंजूर होतो. आपल्याकडे आलेख असून तो कोणत्या रकान्यात घालायचा हे विमा कंपनीच्या टेबलावर ठरतं.

समर्थक : म्हणजे पुण्यातल्या त्या वीटकऱ्याने जिला हात घातला ती इजा आजच्या यादीत आहे, आणि वयाने झाकलेला डोळा नाही. मला यातून निघणारा अन्याय स्पष्ट दिसतो. पैसेवाली व्यक्ती दृष्टी शाबूत असताना पिशव्या काढून घेते, कर भरते आणि मोकळी होते. निवृत्तिवेतनावर जगणारी बाई खरोखर कमी दिसत असताना 'हे तर सौंदर्याचं काम' असं ऐकून घरी परतते. तुम्ही ज्या रांगेला घाबरता ती रांग कधी अडलीच नाही. अडल्या त्या पुढे उभ्या असलेल्या बाई. सौंदर्य या शब्दाला इतका कमीपणा चिकटवला की खरी गरजही त्याच्याखाली दबली. म्हणून तुमच्या नैतिक आक्षेपाबद्दल माझी तक्रार आहे: तो श्रीमंतांना थांबवत नाही आणि गरिबांच्या हाती काही देत नाही.

साशंक : ही तक्रार मी टाळणार नाही. माझ्या आक्षेपाचा वापर असा होत असेल तर तो मला नीट मांडावा लागेल. मग असं म्हणतो: वय हे कारण यादीत यावं, पण मोजमापासह. आलेखात फरक दिसला, अंतर दोन मिलिमीटरवर आलं, तर ती शस्त्रक्रिया मोतीबिंदूच्या शेजारी बसवावी आणि तिला सौंदर्याचा शिक्का लावू नये. इथवर आपण एकत्र आहोत. पण मोजमापात काहीच न सापडलेला, नुसता थकलेला न दिसण्यासाठी आलेला माणूस उरतोच. त्याला नाही म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला असावा असं मला अजूनही वाटतं, कारण डॉक्टरच्या होकाराने ती गरज खरी ठरते आणि शेजारच्या माणसाच्या पापणीचं वजन वाढतं.

समर्थक : आणि मला वाटतं की धोका समजून, माप बघून, तीन वर्षांचा तो अभ्यास ऐकूनही जो हो म्हणतो, त्याच्या चेहऱ्याचा मालक तोच आहे. डॉक्टरने धोक्यासाठी नाही म्हणावं, नीतीसाठी म्हणू नये. कावसजीला वर्षभर काय वाटलं असेल ते मोजायला त्या वीटकऱ्याकडे मेणाचा पत्रा होता, दुसरं काही नव्हतं. आपल्याकडेही या बाबतीत त्याहून जास्त काही नाही.

साशंक : इथे आपलं जमणार नाही. पण जमलेला भाग वाचणाऱ्याच्या उपयोगाचा आहे, तो सांगून टाकू. पापणी एकाएकी पडली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. हळूहळू उतरली असेल तर आधी नेत्रतज्ज्ञ, आणि कोणालाही तारीख देण्यापूर्वी चार कागद मागून घ्यावेत: अश्रूंची चाचणी, पापणीचं मिलिमीटरमधलं अंतर, पट्टी लावून आणि न लावता काढलेले दृष्टिक्षेत्राचे दोन आलेख, आणि शस्त्रक्रिया दृष्टीसाठी आहे की दिसण्यासाठी, हे डॉक्टरच्या सहीने लिहून. हे लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे डोळे सोपवू नयेत.